स्वतःची गाडी धंद्यासाठी वापरतो, आयकरात खर्च किती दाखवता येतो?

काटेकोर

नमस्कार मंडळी. रिटर्न भरायचे दिवस जवळ आलेत आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

माझा वजनकाटे दुरुस्तीचा व्यवसाय आहे. एकट्याची प्रोप्रायटरशिप. बारामतीत छोटं वर्कशॉप आहे, पण निम्म्याहून जास्त काम बाहेर असतं. फलटण, इंदापूर, दौंड या बाजूच्या बाजार समित्या, खतांची दुकानं, गुऱ्हाळं, भंगारवाले. जिथे काटा अडतो तिथे जावं लागतं. इतकी वर्षं मोटरसायकलवर भागवलं. गेल्या जूनमध्ये कर्ज काढून गाडी घेतली. रोड टॅक्स आणि नोंदणी धरून ८ लाख पडली. गाडी माझ्याच नावावर, पांढऱ्या पाटीची. डिकीत तपासणीची २० किलोची वजनं कायम असतात. रविवारी ती खाली उतरवतो आणि त्याच गाडीतून मुलांना घेऊन सासुरवाडीला जातो.

आमचे हिशोब बघणारे गृहस्थ म्हणाले, "पेट्रोल, विमा, हप्ता, सगळं धंद्यात टाकून देऊ. कोण बघतंय?" मला ते पटलं नाही. दुसऱ्याचा काटा खरा दाखवतो की नाही हे बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. माझ्याच हिशोबाचा काटा खोटा असेल तर रात्री झोप कशी लागेल? पण हक्काचं आहे ते सोडायचंही नाही. माझ्या अंदाजाने गाडी ९० टक्के धंद्यासाठीच फिरते.

तर नक्की काय दाखवता येतं? गाडी घरची की धंद्याची, हे ठरतं कशावरून? शोरूममधल्या मुलाने "जीएसटी नंबर द्या, क्रेडिट मिळेल" (म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी माझ्या देण्यातून वळता होईल) असंही सांगितलं होतं, ते खरं का? उलाढाल वर्षाला ३८ लाखांच्या आसपास आहे.

खतावणी

काटेकोर, प्रश्न चांगला मांडलात. मी सीए आहे, १९ वर्षं प्रॅक्टिस करते. दर जुलैत हाच प्रश्न किमान वीस जण विचारतात आणि त्यातले अठरा जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

गाडीचा विचार करण्याआधी एक सांगा, तुमचं रिटर्न कुठल्या कलमाखाली जातं? ३८ लाखांची उलाढाल म्हणजे बहुतेक ४४एडी असणार, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची ठोक टक्क्याने नफा धरायची सोय. तसं असेल तर सगळं चित्रच बदलतं. ४४एडीमध्ये उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के, हा किमान नफा धरला जातो. तो धरला की पेट्रोल, विमा, घसारा (वापराने गाडीची किंमत दरवर्षी उतरते त्याची वजावट), सगळे खर्च त्यातच आले असं कायदा मानतो. वरून वेगळी वजावट मिळत नाही. इतकंच नाही, घसारा दरवर्षी मिळाला असंच समजून गाडीची पुस्तकी किंमत (घसारा जाऊन हिशोबात उरलेली) पुढे कमी होत जाते.

लोक वर्षभर पेट्रोलच्या पावत्या पिशवीत भरून आणतात आणि रिटर्न ४४एडीचं असतं. मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं.

काटेकोर

हो, ४४एडीच. म्हणजे गाडीच्या खर्चाची ही सगळी चर्चा फुकटच? पण नफा ८ टक्के दाखवत नाही हो. मागच्या वर्षी साडेनऊ लाख दाखवला होता. खरा तेवढाच झाला होता.

खतावणी

मग फुकट नाही! उलट तुम्ही बरोबर वाटेवर आहात. ८ आणि ६ टक्के हा किमान आकडा आहे. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, कायद्यात तसंच आहे. आणि खरा नफा काढायचा म्हणजे खर्च वजा करावे लागणार, त्यात गाडीचा धंद्यापुरता खर्चही आला. तेव्हा तुमचा स्वतःचा ताळेबंद नीट बसायला हा हिशोब लागतोच.

एक धोक्याची सूचना. गाडीचा खर्च टाकून नफा किमान टक्क्यांच्या खाली गेला म्हणून ४४एडी सोडायचा मोह होतो. सोडलंत तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवणं आणि ऑडिट मागे लागतं. एका गाडीच्या घसाऱ्यासाठी हा सौदा बहुतेकांना परवडत नाही. तुमच्या आकड्यांत तो प्रश्नच येत नाही.

आता मूळ मुद्दा. गाडी "घरची" की "धंद्याची" अशी दोन खाती कायद्यात नाहीत. पांढरी पाटी असो, आरसीवर तुमचं वैयक्तिक नाव असो, प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा कराच्या दृष्टीने एकच माणूस. बघायचं ते वापराकडे. चालवण्याचा खर्च ३७(१) खाली मिळतो, पण तो संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. गाडीचा घसारा ३२ खाली. आणि एखादी वस्तू थोडी धंद्याला, थोडी घरी वापरली जात असेल तर ३८(२) म्हणतं की वाजवी प्रमाणात तेवढाच भाग मिळेल. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी अधिकारी ठरवतो. तुमच्याकडे आकडा नसेल तर तो त्याचा आकडा लावतो.

किलोमीटरमागे ठरावीक दर लावून मोकळं व्हायची सोय आपल्याकडे धंदेवाल्यांना नाही. खरा खर्च आणि खरं प्रमाण, बस.

सातासमुद्रापार

हे वाचून आश्चर्य वाटलं. मी अमेरिकेत छोटा व्यवसाय करते. इथे दर मैलामागे दर जाहीर होतो, २०२५ साठी ७० सेंट होता. त्यात पेट्रोल, विमा, घसारा सगळं आलं. हवं तर खरा खर्चही दाखवता येतो. पण एक गोष्ट सांगते, इथेही मैलांची नोंद नसेल तर दर काही उपयोगाचा नाही. तारीख, ठिकाण, कारण, मैल. मी पहिल्याच वर्षी हे शिकले.

दोनचाकी

मी विमा एजंट आहे, स्कूटरवर फिरतो. माझ्या मित्राने मला पण ४४एडी टाकायला सांगितलंय. चालेल ना?

खतावणी

दोनचाकी, नाही चालणार. कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या उत्पन्नाला ४४एडी लागू नाही. तुम्हाला खरे खर्चच दाखवावे लागतात, त्यामुळे स्कूटरचा हिशोब तुमच्यासाठी काटेकोर यांच्याहूनही महत्त्वाचा आहे. स्कूटरवर घसारा १५ टक्के. (डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना ४४एडीए, तिथे निम्मी पावती उत्पन्न धरली जाते आणि वेगळा खर्च मिळत नाही.)

काटेकोर, तुमच्यासाठी एक नमुना मांडते. आकडे माझ्या मनाचे, तुम्ही तुमचे घाला.

समजा वर्षभरात पेट्रोल १,०६,०००, विमा २८,०००, सर्व्हिसिंग ६,००० आणि कर्जाचं व्याज ४०,०००. एकूण १,८०,०००. मीटरप्रमाणे गाडी १८,४०० किलोमीटर फिरली, त्यातले धंद्याचे १३,८००. म्हणजे ७५ टक्के. खर्चाचे १,३५,००० मिळाले. गाडीची किंमत ८ लाख, दर १५ टक्के, घसारा १,२०,०००, त्याचे ७५ टक्के म्हणजे ९०,०००. मिळून २,२५,०००.

नमुन्यात हप्ता कुठेच नाही, व्याज आहे. हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नव्हे, ते तुम्ही घेतलेल्या वस्तूचे पैसे परत देताय आणि त्या वस्तूबद्दल घसारा घेताच आहात. "हप्ता टाकून देऊ" म्हणणाऱ्याने दोनदा वजावट घेतली. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र मागून घ्या, त्यात दोन्ही आकडे सुटे असतात.

गाडी जूनमध्ये वापरायला लागलात हे बरं झालं. पहिल्या वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला की घसारा निम्मा, म्हणजे साडेसात टक्के. ३१ मार्चपासून उलटं मोजलंत तर ती रेषा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पडते. दिवाळीत गाडी घेणारे सगळे निम्म्यात जातात.

माळरान

खतावणीताई, तुम्ही म्हणालात ना, तुमच्याकडे आकडा नसेल तर अधिकारी त्याचा लावतो. तो आकडा आम्ही भोगलाय. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो, लिहायला सोपं नाही.

आमची दोघा भागीदारांची फर्म आहे, इलेक्ट्रिकल ठेके घेतो. दोन गाड्या, दोन्हींचा खर्च शंभर टक्के फर्ममध्ये. एका वर्षी केस तपासणीला निघाली. नोटिशीत बाकी सगळं सरळ होतं, फक्त एका ओळीत वाहन वापराची नोंदवही मागितली होती. आमच्याकडे ती नव्हती.

आम्ही मग चूक केली. माझ्या भागीदाराने आणि मी एका रात्रीत बसून वर्षभराची नोंदवही लिहून काढली. एकच पेन, एकच हस्ताक्षर, ३६५ दिवस. अपलोड केली. पुढच्या नोटिशीत एकच प्रश्न आला. ऑगस्टमधल्या चार दिवसांत तुम्ही रोज साइटवर गेल्याची नोंद आहे, पण तुम्हीच जोडलेल्या सर्व्हिस सेंटरच्या बिलावर गाडी त्याच चार दिवसांत त्यांच्याकडे उभी होती, हे कसं?

उत्तर काय देणार? दोन्ही गाड्यांच्या खर्चाचा आणि घसाऱ्याचा चौथा हिस्सा नामंजूर झाला. कर, व्याज, आणि दंडाची नोटीस वेगळी. पैशांपेक्षा लाज जास्त वाटली. खरं सांगतो, आमचा वापर ८० टक्क्यांच्या वर साइटचाच होता. खरी वही असती तर खरं तेवढं मिळालं असतं.

काटेकोर

माळरान दादा, मनापासून आभार. हे वाचून अंगावर काटा आला. आजच वही आणतो.

खतावणी

माळरान, तुम्ही हे उघड लिहिलंत याचं खूप कौतुक वाटतं. उत्पन्न कमी दाखवलं गेलं तर २७०ए खाली त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड आहे, पण खोटी नोंद केली असेल तर तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून मी अशिलांना सांगते, वही नसेल तर "नाही" म्हणा आणि जे पुरावे आहेत त्यांवरून अंदाज मांडा. वही बनवू नका.

वहीत काय लिहायचं? कंपन्या नोकरदाराच्या गाडीचा खर्च देतात, त्यासाठी १९६२ च्या आयकर नियमांत तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च अशी नोंद ठेवायला सांगितलंय. तोच साचा धरा. उदाहरणार्थ, काटेकोर यांच्या एका दिवसाची ओळ अशी होईल:

१२ जुलै, मीटर ४,३१८ ते ४,३८४, ६६ किमी, फलटण बाजार समिती, दोन काटे दुरुस्त, बिल क्र. अमुक.

ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. शेवटचा बिल क्रमांक फार मोलाचा, कारण त्याने प्रवास थेट उत्पन्नाला जोडला जातो. घरच्या फेऱ्या एकेक लिहायची गरज नाही, एकूण मीटरमधून धंद्याचे वजा केले की उरतात त्या घरच्या. फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावर मीटर रीडिंग छापलेलं असतं, तो तुमच्या वहीचा बाहेरचा साक्षीदार.

घर ते वर्कशॉप मी वैयक्तिकच धरायला सांगते. तिथे ओढाताण करण्यात अर्थ नाही.

निळीशाई

माझं थोडं वेगळं आहे. मी नोकरी करते, कंपनीच्या कामाला स्वतःची गाडी वापरते, कंपनी किलोमीटरप्रमाणे पैसे देते पण पेट्रोलच्या वाढीच्या मानाने कमीच. वरचा फरक मला रिटर्नमध्ये मागता येईल का?

खतावणी

नाही हो. पगाराच्या उत्पन्नातून गाडीचा खर्च वजा करायची सोयच नाही. प्रमाणित वजावट मिळते, नव्या करपद्धतीत ७५,००० आणि जुन्यात ५०,०००, त्यात सगळं आलं. कंपनी कामाच्या प्रवासासाठी जो भत्ता देते तो मात्र खरोखर त्या कामावर खर्च झालेल्या मर्यादेत करमुक्त असतो, नव्या पद्धतीतही. म्हणजे फरक मागायचा तो रिटर्नमध्ये नाही, कंपनीच्या एचआरकडे. वही तिथेही उपयोगी पडेल.

नवी पद्धत निघालीच आहे म्हणून सांगते, धंदेवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. नव्या पद्धतीत ८०सी (गुंतवणुकीवरची वजावट) वगैरे जातं, पण धंद्याचा खर्च आणि नेहमीचा घसारा जात नाही.

दोनचाकी

ताई, माझी स्कूटर बायकोच्या नावावर आहे. आणि पेट्रोल पंपावर महिन्याचं खातं आहे, शेवटी रोख देतो.

खतावणी

स्कूटर त्यांच्या पैशाची आणि त्यांच्या नावावर असेल तर घसारा तुम्हाला नाही, कारण घसारा मालकाला मिळतो. तुमच्या कामापुरतं पेट्रोल आणि दुरुस्ती मात्र दाखवता येईल, खर्च तुम्ही केलेला हवा.

मालक कोण, यावर कोर्टकचेऱ्या बऱ्याच झाल्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या आयसीडीएस खटल्यात म्हटलं की वाहनाची नोंदणी दुसऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून घसारा नाकारता येत नाही. तो भाडेपट्ट्याने दिलेल्या गाड्यांचा मामला होता, पण पैसे फर्मचे, गाडी फर्मच्या ताळेबंदात आणि आरसी भागीदाराच्या नावावर, अशा प्रकरणांत त्याचा आधार घेतला जातो. घरातल्या स्कूटरला तो ओढून ताणून लावू नका.

रोखीचं मात्र आजच बदला. एका दिवशी एका माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर ४०ए(३) खाली तो अख्खा खर्च जातो, फक्त वरचा भाग नाही. महिन्याचे १४,००० पंपावर रोख मोजलेत तर पूर्ण १४,००० गेले. यूपीआयने द्या.

आणि वाहतुकीच्या चलनाचे पैसे कुणी खर्चात टाकत असेल तर काढा. कायदा मोडल्याबद्दल दिलेला दंड धंद्याचा खर्च होत नाही.

माळरान

त्या वेळी आमच्या वकिलांनी एक मुद्दा सांगितला होता, प्रायव्हेट लिमिटेड असती तर ही कपात झालीच नसती. खरं का?

खतावणी

अर्धं खरं. गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्नच्या निकालात म्हटलंय की कंपनी ही कृत्रिम व्यक्ती, तिचा "वैयक्तिक वापर" असूच शकत नाही, त्यामुळे संचालकाने गाडी घरी वापरली म्हणून कंपनीचा खर्च कापता येत नाही. पण पैसा दुसऱ्या दाराने पकडला जातो. तो वापर संचालकाच्या हातात सुविधा म्हणून करपात्र होतो. फक्त गाडीसाठी कंपनी काढायचा विचार कुणी करत असेल तर कृपया करू नका.

काटेकोर

जीएसटीचं राहिलं. मी नंबर दिला होता आणि बिलावर तो आलाय. आमच्या गृहस्थांनी क्रेडिट घेतलं की नाही ते आता बघतो.

खतावणी

लगेच बघा! जीएसटी कायद्याच्या १७(५) कलमात चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांचं क्रेडिट बंद आहे. अपवाद तीनच: गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग शिकवणं. तुम्ही त्यात नाही. अशा गाडीच्या विम्यावरचं आणि सर्व्हिसिंगवरचं क्रेडिटही मिळत नाही. घेऊन वापरलं असेल तर १८ टक्के व्याजासकट उलटवावं लागेल, आपण होऊन केलंत तर बरं. विक्रेत्याला कायदा माहीत असतो असं नाही, त्याला गाडी विकायची असते.

क्रेडिट न मिळालेला जीएसटी वाया जात नाही, तो गाडीच्या किमतीत धरून त्यावर घसारा मिळतो. फक्त दोन्ही एकदम नाही.

मालवाहू वाहनाला हे बंधन नाही. तुम्ही पिकअप घेतली असती तर क्रेडिट मिळालं असतं. पण मग रविवारी सासुरवाडीला मुलं मागे बसवून नेता आली नसती, तेव्हा झालं ते ठीक झालं.

आणखी एक. गाडी १० लाखांच्या वर असेल तर शोरूमने १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर) कापलेला असतो. तो २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणात, दिसतो आणि रिटर्नमध्ये परत मागता येतो. तुमची ८ लाखांची, पण इतर वाचणाऱ्यांनी बघावं. किती जण हे पैसे सोडून देतात!

पाणवठा

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. कराबाहेरचं आहे, पण डिकीतली वजनं वाचून राहवलं नाही.

खासगी गाडीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो, कुणी वाचत नाही. त्यात साधारण असं असतं की भाड्याने किंवा मोबदल्याने वापर सोडून, आणि नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक वगळून, कुठल्याही कामासाठी गाडी वापरता येईल. म्हणजे स्वतःच्या धंद्याच्या भेटींना गाडी नेणं चालतं. प्रवासी घेऊन पैसे घेणं चालत नाही. आणि विकायचा माल भरून नेत असाल तर अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते.

तपासणीची वजनं ही विकायचा माल नाही, तुमची हत्यारं आहेत. तरी विमा कंपनीला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या. पण नवे काटे विकायला घेऊन जात असाल तर ते वेगळं, त्याला मालवाहू गाडी बघा. मी तीन-चार दावे याच कारणावर अडलेले पाहिलेत, माणूस आधीच जखमी आणि वर हे.

जड वजनं डिकीत मोकळी ठेवू नका, पट्ट्याने बांधा. ब्रेक मारल्यावर २० किलोचं लोखंड सीटपर्यंत येतं.

काटेकोर

पाणवठा साहेब, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मुलं मागच्या सीटवर बसतात तेव्हा वजनं काढलेली असतात, पण हेल्पर असतो कधी कधी. आजच पट्टे आणतो. ईमेलही टाकतो.

सातासमुद्रापार

एक शंका. पुढे गाडी विकली तर? इथे घसारा घेतलेला असतो तो विक्रीच्या वेळी आडवा येतो.

खतावणी

आपल्याकडेही येतो. फक्त घरी वापरलेली गाडी विकली तर कराचा प्रश्न नाही, ती वैयक्तिक वस्तू. पण घसारा घेतलेली गाडी विकली की विक्रीची रक्कम त्या गटाच्या (एकाच दराने घसारा लागणाऱ्या वस्तूंचा गट) पुस्तकी किमतीतून वजा होते. गटात दुसरं काही नसेल आणि विक्री पुस्तकी किमतीहून जास्त झाली तर फरक अल्पकालीन भांडवली नफा. कमी आली तर अल्पकालीन तोटा. जीएसटी नोंदणी असेल तर विक्री किंमत आणि घसारा जाऊन उरलेली किंमत यातल्या फरकावर, क्रेडिट घेतलेलं नसताना, १८ टक्के. हा दर २०२५ पासूनचा. फरक उणे असेल तर काही नाही.

कुणी इलेक्ट्रिक गाडीचा विचार करत असेल तर १९६२ च्या नियमांच्या तक्त्यात विजेवर चालणाऱ्या वाहनांना ४० टक्के दर आहे. पहिल्या वर्षांत वजावट मोठी, पण विकताना पुस्तकी किंमतही तितकीच खाली आलेली असते, हे धरून चाला.

आणि मी वर दिलेले आयकराचे कलम क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. २०२५-२६ चं रिटर्न त्याच कायद्याने जाईल. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, तिथे क्रमांक बदललेत. पुढच्या वर्षी हा धागा उघडणाऱ्याने आकडे डोळे झाकून उतरवू नयेत.

काटेकोर

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलोय. सांगायचं राहू नये म्हणून.

जीएसटीचं क्रेडिट खरंच घेतलं गेलं होतं. उलटवलं, व्याज भरलं. विमा कंपनीचं उत्तर आलं, तपासणीची उपकरणं चालतील असं लेखी दिलंय, त्याची प्रिंट गाडीच्या कागदांत ठेवली. वजनांना पट्टे बसवले.

वही रोज लिहितोय. डॅशबोर्डवर एक चिकटपट्टी होती, तिच्याखाली पेन अडकवलाय. बाजार समितीच्या फाटकात गाडी उभी केली की आधी मीटर, मग डिकी, अशी सवय लागली.

आता आकडा. या सहा आठवड्यांत गाडी २,१५० किलोमीटर फिरली, त्यातले धंद्याचे १,४६२. म्हणजे ६८ टक्के. मी ९० धरून चाललो होतो. मला वाटलं वहीत चूक आहे, परत बेरीज केली. चूक नव्हती. मुलाची क्लासची रोजची ने-आण, आईचा दवाखाना, घर ते वर्कशॉप, या छोट्या छोट्या फेऱ्या मी मोजतच नव्हतो. लांबची फेरी लक्षात राहते, जवळची राहत नाही.

मागच्या वर्षीच्या रिटर्नसाठी माझं दुरुस्तीचं रजिस्टर घेऊन बसलो. त्यात प्रत्येक कामाची तारीख आणि गाव आहे. बाहेरगावची प्रत्येक तारीख काढली, अंतर मांडलं, ज्या दिवशी हेल्परच्या मोटरसायकलवर गेलो होतो ते दिवस सोडले. एकूण मीटर सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावरून घेतलं. ६६ टक्के आले. खतावणीताई, हे दाखवलं तर चालेल का? वही म्हणून देणार नाही, रजिस्टरवरून काढलेला अंदाज म्हणूनच देईन.

खतावणी

चालेल. वर तसंच शीर्षक लिहा, "दुरुस्ती रजिस्टरवरून काढलेलं प्रमाण", खाली सही आणि आजची तारीख. जॉबकार्डाची प्रत मागे टाचून ठेवा. ६६ घ्या, ७० करू नका.

माळरान

काटेकोर, तुमच्या पहिल्या पानाचा फोटो इथे टाकाल का, बिल क्रमांक झाकून? माझ्या भागीदाराला दाखवायचाय. आम्ही पण १ तारखेपासून सुरू करतोय, दोन गाड्या, दोन वह्या.

काटेकोर

टाकतो रात्री. आत्ता इंदापूरला निघालोय, मीटर १९,८७४.